वहीत न लिहिलेलं कर्ज



"वहिनी, फक्त सही तर करायची आहे. बाकी मी पाहून घेतो."

हे वाक्य एकदाही कानावर पडलं नाही अशी बाई आपल्या समाजात सापडणं कठीण. कधी दिराच्या दुकानाचं कर्ज असतं, कधी नणंदेच्या यजमानांची गाडी असते, कधी आपल्याच घरच्या फर्मची मर्यादा बँकेकडून वाढवून घ्यायची असते. कागद थेट स्वयंपाकघरापर्यंत येतात. पेन्सिलीने जिथे फुली मारलेली असते तिथे आपण सही करतो आणि पुन्हा कामाला लागतो. त्या कागदावर आपण कोण आहोत, कर्जदार, सहकर्जदार की जामीनदार, हे बहुतेकींना सांगता येत नाही. विचारलं तर "घरचंच आहे" असं उत्तर मिळतं.

माझं आजचं म्हणणं थोडक्यात सांगते. जामीनकी ज्या दिवशी घेतली त्या दिवसापासून ती आपली जबाबदारी आहे, आणि ती घराच्या वहीत देण्याच्या बाजूला लिहिली गेली पाहिजे. तशी लिहायला हात धजत नसेल तर सहीसुद्धा करू नये.

आपल्याकडे कुणी जामीनदार म्हणतं, कुणी जमानतदार, बँकेतला मुलगा गॅरंटर म्हणतो. शब्द कोणताही घ्या, घोळ एकच आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत जामिनाचे वेगवेगळे प्रकार सापडतात. हाजिर जामीन म्हणजे 'हा माणूस बोलावाल तेव्हा हजर राहील' याची हमी. फेल जामीन म्हणजे 'हा नीट वागेल' याची हमी. आणि माल जामीन म्हणजे 'याने पैसे दिले नाहीत तर मी देईन' याची हमी. आपल्या पूर्वजांना हे तीन निरनिराळे व्यवहार आहेत हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तीन शब्द ठेवले.

आपण आज तिन्हींना नुसतं 'जामीन' म्हणतो आणि तिथेच फसतो. सही करताना मनात असतं, 'मुलगा चांगला आहे, कष्टाळू आहे, आपल्या डोळ्यांदेखत मोठा झाला.' म्हणजे मनातल्या मनात आपण त्याच्या वागणुकीची साक्ष देत असतो. समोरचा कागद मात्र पैशांच्या हमीचा असतो. मुलगा चांगला असून त्याचं दुकान बुडू शकतं. कापसाचा भाव पडला, चुकारे अडकले, आजारपण निघालं, तर चांगल्या माणसाचेही हप्ते थकतात. त्याचा चांगुलपणा खोटा ठरत नाही, पण पैसे आपल्याकडेच मागितले जातात.

कायदा याबाबत अगदी स्वच्छ आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यातल्या कलम १२६ पासून हमीच्या कराराचे नियम सुरू होतात. या करारात तीन पक्ष असतात. ज्याने पैसे घेतले तो मूळ ऋणको, ज्याने दिले तो धनको आणि 'याने नाही दिले तर मी देईन' असं म्हणणारा जामीनदार. ही हमी लेखीच हवी असं नाही, तोंडीही चालते. व्यापारी घरातल्या बायकांनी हे लक्षात ठेवावं. 'माझ्या शब्दावर त्याला माल द्या, पैशाचं मी पाहतो' हे दुकानात सहज बोललेलं वाक्यसुद्धा हमी ठरू शकतं.

कलम १२७ सांगतं की कर्जदाराला फायदा झाला एवढा मोबदला करार पक्का व्हायला पुरेसा आहे. म्हणजे जामीनदाराच्या हाती एक रुपयाही न येता तो पूर्ण बांधला जातो. आणि कलम १२८ म्हणतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. अर्धी नाही, नंतरची नाही. तेवढीच.

"आधी त्याच्याकडून वसूल करा, मग आमच्याकडे या" हे आपल्याला न्यायाचं वाटतं. बिहारमधल्या एका खटल्यात खालच्या न्यायालयाने अगदी असाच हुकूम दिला होता: बँकेने आधी कर्जदाराविरुद्धचे सगळे उपाय संपवावेत, मगच जामीनदाराला हात लावावा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या नावाने तो १९६८ चा निकाल प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. जामीनदाराला मागे ठेवायचं असेल तर जामीन घेण्याचा हेतूच उरत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आजही वकील हाच निकाल दाखवतात.

आता वसुली कशी होते ते पाहू. आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट असो, आर्वी असो, पुलगाव असो, बँकांच्या बरोबरीने पतसंस्थांचं जाळं आहे. तिथे ओळखीवर आणि दोन जामीनदारांवर कर्ज मिळतं. या संस्थांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० लागू आहे. त्यातल्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करता येते. वर्षानुवर्षं चालणारा दिवाणी दावा इथे नसतो. दाखल्यात जामीनदाराचंही नाव असतं. त्याविरुद्ध वर दाद मागायची असेल तर कलम १५४ प्रमाणे आधी वसूलपात्र रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. म्हणजे 'माझा यात काही संबंध नाही' हे सांगायलाही आधी निम्मी रक्कम हाताशी हवी.

बँकेकडे घर गहाण असेल तर २००२ चा सरफेसी कायदा आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत 'कर्जदार' या शब्दातच हमी देणारा आणि गहाण देणारा दोघेही येतात. साठ दिवसांची नोटीस आणि त्यानंतर ताब्याची कारवाई.

फर्मची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली म्हणून घर सुरक्षित झालं, असं समजणाऱ्यांनाही सांगायला हवं. कंपनीचं कर्ज कंपनीचं असतं हे खरं, पण संचालक आणि त्यांच्या बायकांनी वैयक्तिक हमी दिली असेल तर ती भिंत आपणच पाडलेली असते. कंपन्यांना हमी देणाऱ्या व्यक्तींसाठीचे दिवाळखोरीचे नियम डिसेंबर २०१९ पासून लागू झाले. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि हेही स्पष्ट केलं की कंपनीची पुनर्रचना मंजूर झाली तरी हमी देणारा आपोआप मोकळा होत नाही.

एवढं सगळं असताना ही गोष्ट आपल्या घरात कुठे लिहिलेली असते? कुठेच नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

आपण हिशेबाची माणसं. दूधवाल्याचे खाडे लिहितो, कामवाल्या मावशीची उचल लिहितो, लग्नात आलेला आहेर दहा वर्षांनी परत करता यावा म्हणून लिहून ठेवतो. बोललेली बोली आणि मंदिराला द्यायचं दान तर चुकूनही विसरत नाही. पण कुणासाठी पाच लाखांचा जामीन घेतला ते मात्र घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात असतं.

बाहेरच्या जगात असं चालत नाही. साखर कारखान्यांच्या कर्जाला सरकार थकहमी देतं, हे आपण पेपरात नेहमी वाचतो. सरकारनेही ही हमी नुसती तोंडाने देऊन भागत नाही. राज्याच्या वार्षिक वित्त लेख्यांमध्ये अशा हमींचं वेगळं विवरण द्यावं लागतं. एखाद्या कंपनीने दुसऱ्यासाठी हमी दिली असेल तर तिच्या ताळेबंदाच्या टिपांमध्ये 'संभाव्य देणी' म्हणून ती दाखवावी लागते. घरातला सीए मुलगा दिवसभर ऑफिसात हेच काम करतो आणि घरी त्याच्या आईला ठाऊक नसतं की तिचं घर कुणाच्या कर्जात अडकलं आहे.

आणखी एक उदाहरण देते, ते आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. आपल्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या बायका बचत गटात असतात. गटाचं कर्ज म्हणजे सगळ्यांची मिळून जबाबदारी, एकीने नाही भरलं तर बाकीच्यांनी सांभाळायचं. जुन्या मराठीत याला सांखळी जामीन म्हणत, एकाला एक गुंतलेला. पण त्या बायका दर बैठकीला एकत्र बसतात. कुणी किती उचलले, कशासाठी उचलले, किती फेडले, हे सगळ्यांसमोर वहीत लिहिलं जातं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही गटाची पंचसूत्री त्यांना पाठ असते. आपली शाळा-कॉलेजं झालेली आहेत, घरं मोठी आहेत, पण जामिनाच्या बाबतीत त्या आपल्यापेक्षा शहाण्या आहेत. आपण कुणासाठी अडकलो आहोत हे त्यांना माहीत असतं.

न लिहिल्याने काय होतं ते मी आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच समाजात पाहिलं आहे. नावगाव सांगत नाही, ओळखलं तरी बोलू नका. नात्यातल्या एका काकूंचे यजमान कापडाच्या दुकानात होते. त्यांनी एका मित्रासाठी पतसंस्थेत सहा लाखांचा जामीन घेतला होता. काका अचानक गेले. तीन वर्षांनी काकूंच्या नावाने नोटीस आली, व्याजासकट साडेआठ लाखांची. काकूंना वाटलं पत्ता चुकला असेल. मुलांनी चौकशी केली तेव्हा कळलं की मित्राचे हप्ते दोन वर्षांपासून बंद होते आणि सही काकांचीच होती.

माणूस गेला की त्याची जामीनकी त्याच्याबरोबर जाते असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही. वेगळं काही ठरलेलं नसेल तर पुढच्या नव्या व्यवहारांपुरती चालू हमी मृत्यूने संपते, पण आधी दिलेल्या कर्जाची जबाबदारी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर कायम राहते. वारसांना स्वतःच्या कमाईतून द्यावं लागत नाही, पण जे वारशाने आलं त्या मर्यादेपर्यंत ते देणं लागतात. काकूंना वारशाने घर आलं होतं. शेवटी मुलांनी संस्थेशी बोलून हप्ते बांधून घेतले आणि पहिल्या मोठ्या रकमेसाठी काकूंच्या पाटल्या गेल्या.

पैसे फिटतील. मला दुसरंच दुःख आहे. त्या मित्राची बायको आणि काकू आधी एकमेकींशिवाय उपासाचं पारणं करत नसत. आता दोघी एकाच मंदिरात येतात आणि एकमेकींकडे पाहत नाहीत. संवत्सरीला साऱ्या जगाची क्षमा मागतात, पण तेवढ्या एका दारावरून पुढे जातात. दोघींपैकी एकीनेही कशावर सही केली नव्हती. दोघींनाही आधी काही माहीत नव्हतं. काकांनी एक ओळ लिहून ठेवली असती तर काकूंनी पहिला हप्ता थकला तेव्हाच मैत्रिणीला गाठलं असतं, आणि दोघींनी मिळून काहीतरी मार्ग काढला असता.

आता धर्माचं. मी कुणी पंडिता नाही, स्वाध्यायात ऐकलेलंच सांगते. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींनी वहीत मर्यादा लिहून घेतलेली आहे: सोनं इतकं, साड्या इतक्या, घरं इतकी. मालकीची मर्यादा बांधायची तर आधी आपल्याजवळ काय आहे हे मोजावं लागतं. आणि देणं वजा केल्याशिवाय मोजणी पुरी कशी होणार? ज्या घरावर दुसऱ्याच्या कर्जाची हमी आहे ते घर पूर्ण आपलं म्हणून लिहिणं हा अर्धा हिशेब झाला.

दुसरं सत्य अणुव्रताचं. त्याच्या अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे, म्हणजे खोटा लेख करणं. आपल्याला वाटतं हा दोष खोटे दस्त बनवणाऱ्यांचा. पण जामीनदाराची सही म्हणजे 'वेळ आली तर एवढी रक्कम मी देईन' असं लेखी विधान असतं. देण्याची ऐपत नाही, द्यायची तयारी नाही, आणि द्यावी लागेल असं मनातही नाही, तरीही आपण ते विधान करतो. माझ्या मते हा त्या दोषाच्या अगदी उंबरठ्यावरचा व्यवहार आहे. कुणाला हे कडक वाटेल. पण नात्याच्या भिडेने केलेली खोटी सही, ही सोयीसाठी बोललेल्या खोट्याहून वेगळी कशी, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

यावर एक रास्त प्रश्न येतो. "असं सगळ्यांनी हात आखडते घेतले तर आपल्या पोरांनी धंदा कसा उभा करायचा? आपले आजोबा राजस्थानातून, बुलढाण्याहून, कुठून कुठून इथे आले, तेव्हा कुणीतरी त्यांच्या मागे उभं राहिलंच होतं ना?" खरं आहे. समाजाची पत ही एकमेकांच्या शब्दावर उभी राहिली. म्हणून मी जामीन घेऊच नका असं म्हणत नाही. मी म्हणते, दान देताना जसं ठरवतो तसं ठरवा. या मुलासाठी माझ्या घरातून दोन लाख गेले तरी चालतील का? घरात सगळ्यांचं उत्तर 'हो' असेल तर दोन लाखांपुरती सही आनंदाने करा. हमीपत्रात रकमेची मर्यादा आणि मुदत लिहून मागता येते. संस्था तयार नसेल तर तेही आपल्याला वेळेवर कळलेलं बरं.

कधी कधी जामीन देण्यापेक्षा पन्नास हजार हातउसने देणं जास्त प्रामाणिक असतं. गेले तर किती गेले, हे पहिल्याच दिवशी ठाऊक असतं.

शिवाय आता पुष्कळ ठिकाणी नातेवाइकांच्या सहीची गरजच नसते, पण मुलांना ते माहीत नसतं. २०१५ पासून मुद्रा योजनेत छोट्या धंद्याला विनातारण कर्ज मिळतं. लघुउद्योगांसाठी केंद्र सरकार आणि सिडबी यांनी २००० साली पतहमी निधी उभारला आहे. त्या योजनेखालच्या कर्जाला त्रयस्थ जामीनदार लागत नाही. शैक्षणिक कर्जासाठीही साडेसात लाखांपर्यंत अशी सरकारी पतहमी आहे, आई किंवा वडील सहकर्जदार झाले की झालं. म्हणून भाचा कागद घेऊन आला की पहिला प्रश्न विचारा, "बाळा, जामीनदार नको अशी योजना विचारलीस का बँकेत?" बऱ्याचदा विचारलेलं नसतं.

आता आपल्या सहीबद्दल. साधारणपणे, नवऱ्याने जामीन घेतला म्हणून बायकोच्या स्वतःच्या मालकीच्या मालमत्तेवर वसुली येत नाही. माहेरचं सोनं, तिच्या नावावरचा फ्लॅट, तिच्या ठेवी हे तिचं राहतं. ते धोक्यात येतं ते तिने स्वतः सही केली की. म्हणून तर तिची सही मागतात. वाईट हेतूने मागतात असं नाही, बँकेला जास्त सुरक्षितता हवी असते. पण घरावर संकट आलंच तर शेवटचा आधार म्हणून जे शिल्लक राहायचं, तेही त्या एका सहीने पणाला लागतं. घरातल्या दोघांनीही एकाच कर्जाला जामीन राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक तरी हात मोकळा असावा.

सही करायचं ठरलंच तर कागद वाचायला एक दिवस मागून घ्या. इंग्रजी कळत नसेल तर मुलीकडून, सुनेकडून वाचून घ्या. हमीपत्राची आणि मंजुरीपत्राची झेरॉक्स घरात ठेवा. रक्कम, व्याजदर, मुदत, तारण काय आहे आणि दुसरा जामीनदार कोण, एवढं पाहा. दोन जामीनदार असले म्हणजे आपल्यावर अर्धंच येईल असं समजू नका. संस्था पूर्ण रक्कम एकाकडूनही मागू शकते, मग आपण दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागायचा. 'चालू हमी' असा शब्द असेल तर जास्त जपा, कारण ती एका कर्जापुरती नसते, पुढच्या व्यवहारांनाही लागू होते. कायद्यात जामीनदाराला संरक्षणही आहे. त्याच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो. पण छापील हमीपत्रांत हे हक्क सोडून दिल्याचं एखादं कलम बहुधा असतंच. ते वाचल्याशिवाय कसं कळणार?

आणि ज्यांनी आधीच सह्या केल्या आहेत त्यांनी घाबरू नये, पण शोधून काढावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपण बँकेत कुणाला जामीन असलो तर ते त्यात दिसतं. त्याने हप्ते थकवले तर त्याचा डाग आपल्या खात्यावरही पडतो आणि उद्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलो की तिथे अडतं. गावातल्या पतसंस्थेची जामीनकी त्या अहवालात दिसेलच असं नाही. ती घरच्यांना विचारूनच कळेल. कर्ज चालू असेल तर वर्षातून एकदा त्याचा उतारा मागा. चालू हमी पुढच्या व्यवहारांपुरती लेखी नोटीस देऊन थांबवता येते. आणि आपल्याला पैसे भरावेच लागले तर तेही वाया गेले असं समजू नका. जामीनदाराने भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा आणि त्याने दिलेल्या तारणावर धनकोच्या जागी उभं राहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. भरल्याच्या पावत्या तेवढ्या जपून ठेवा.

'नाही' कसं म्हणायचं, हाच खरा अवघड भाग. धाकट्या वहिनीला, आतेभावाला तोंडावर नाही म्हणणं आपल्याला शिकवलेलंच नाही. यासाठीही वहीच उपयोगी पडते. "आमच्या घराची मर्यादा तीन लाखांची आहे आणि ती भरली आहे. हे कर्ज फिटलं की मी नक्की विचार करीन." यात कुणाचा अपमान नाही, कुणावर अविश्वास नाही. उपासाच्या दिवशी कुणी फराळ पुढे केला तर आपण "आज माझा नियम आहे" म्हणतो आणि समोरचा आग्रह सोडतो. पैशाच्या बाबतीतही नियम असू शकतो, आणि आपला समाज नियमाचा मान ठेवणारा आहे.

दिवाळीला वीरप्रभूंच्या निर्वाणदिनी घरोघर नव्या वहीचं पूजन होईल, वीर निर्वाण संवताचं नवं वर्ष लिहिलं जाईल. त्या वहीचं एक पान जामिनासाठी ठेवायला घरातल्या पुरुषांना सांगा. कुणासाठी, कुठे, खाते क्रमांक काय, रक्कम किती, सही कुणाची, कर्ज कधी संपतं. फिटलं की बेबाकी दाखल्याची प्रत तिथेच चिकटवा आणि त्या ओळीवर रेघ मारा. पान कोरं राहिलं तर उत्तमच. भरलं तर ते घरातल्या प्रत्येकीला, सुनेलासुद्धा, वाचता आलं पाहिजे. उद्या ते देणं फेडायची वेळ आली तर तिच्याच बांगड्या आधी आठवणार आहेत, मग आकडा तिला आजच कळू द्या.

जय जिनेंद्र.